मोटारीतलं शिप्रेचं पाणी

नाना, पाणी अजून कोमट झालेलं नाही. लाकडं ओली आहेत, जाळापेक्षा धूरच जास्त. पातेलं मोठं आहे आणि त्यात मोटारीचं पाणी आहे, रेडिएटरमधलं. ते अंगाला सोसेल इतकं तापलं की मी ते गाडीत ओतणार, हँडल मारणार आणि ह्यांना मागच्या सीटवर निजवून डोंगर उतरायला लागणार. तोवर हाताला काही काम नाही, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन एक तप उलटून गेलं. इतक्या काळात तुम्हाला एक ओळ लिहावी असं मनात आलं नाही, आणि आज आलं ते गरज पडली म्हणून. लेक तुमचीच, काम असल्याशिवाय बोलायची नाही.

हे म्हणजे तुमचे जावई. तुम्ही त्यांना पाहिलं नाहीत. शेतकी खात्यात आहेत, हळू बोलतात, झाडांशी जास्त बोलतात, आणि मोटारीतलं त्यांना ओ की ठो कळत नाही. तुम्ही गेलात तेव्हा संस्थान नुकतंच मध्यभारतात विलीन झालं होतं. आता तो मध्यभारतही राहिला नाही. राजधानी भोपाळला गेली, कचेऱ्या कुठल्या कुठे गेल्या, आणि ह्यांची फाइल ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी बिनभाड्याची हिंडत राहिली. शेवटी कंटाळून ह्यांनी केंद्र सरकारच्या फळबागेवर बदली मागून घेतली आणि आम्ही उज्जैनची माणसं शिमल्याच्याही वर येऊन पडलो. आम्ही बर्फ पाहिला होता तो लाकडाच्या भुशात गुंडाळलेला, उसाच्या रसवाल्याकडचा. इथे बंगल्याबरोबर आधीच्या साहेबाची एक म्हातारी मोटार मिळाली, लढाईच्या आधीची. टायर टकले, दोन वायपरांपैकी एकच हलतो, बॅटरीने दिवाळीतच मान टाकली. तुम्हाला फार आवडली असती.

गेल्या आठवड्यात हे बागेत कलमांना गवत बांधायला गेले आणि भिजून आले. आधी नुसता ताप, मग छातीत कळ, आणि आता दोन्ही फुप्फुसं भरली आहेत. इथला कंपाउंडर फाळणीत तिकडचं घरदार सोडून आलेला, भला माणूस आहे. पेनिसिलिनच्या सुया तोच देत होता. काल संध्याकाळी त्याने शेवटची दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बीबीजी, सुई खत्म है. नीचे अस्पताल में ऑक्सीजन है, डॉक्टर है. बर्फ रुके तो ले चलो." आणि न रुकला तर काय, ते त्याने सांगितलं नाही. ट्रक वर येत नाहीत, तारेचे खांब आडवे झालेत. डोलीत घालून न्यायचं तर सगळा दिवस जाणार, आणि उघड्यावर तेवढा वेळ हे टिकणार नाहीत. ही एकच गाडी आहे आणि ती चालवणारी मी एकटी. बर्फ पहाटे थांबला. समोरच्या पहिल्या वळणावर ऊन पोचलं की निघायचं असं ठरलं आहे. ह्यांचा श्वास इथे स्वयंपाकघरात ऐकू येतो, मधेच थांबतो, आणि मग माझाही थांबतो. नाना, मला फार भीती वाटते आहे.

तुम्ही मला जे शिकवलंत ते बर्फासाठी नव्हतं, चिखलासाठी होतं. आपली माळव्याची काळी माती ओली झाली की तिच्यावर माणूस उभा राहत नाही, तिथे मोटारीची काय कथा. त्यातही तुम्ही जागा निवडलीत ती नदीवरची बुटकी रपट, पुरात बुडून जाणारा पूल. पूर ओसरला की रपटीवर शिप्रेचा गाळ बसायचा, साबणासारखा बुळबुळीत, आणि दोन्ही बाजूंना कठडा नाही. शहाणे लोक गाळ वाळेपर्यंत थांबायचे. तुम्ही मला नेमके त्याच दिवशी न्यायचात, संस्थानच्या मोटारखान्यातली सगळ्यात जुनी गाडी घेऊन, जिच्यात बसायला आता कुणी साहेब तयार नसे. एकदा रपटीच्या मध्यावर मागची चाकं बाजूला सरकायला लागली आणि मी घाबरून ब्रेकवर जवळजवळ उभीच राहिले. गाडी गर्रकन आडवी झाली. मागचं एक चाक कडेबाहेर, खाली गढूळ पाणी, आणि तुम्ही शेजारी गप्प. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. तुम्ही एवढंच म्हणालात, "उतर. चपला काढ. चाल इथून तिथवर." मी गाळात अनवाणी चालायला लागले आणि दुसऱ्याच पावलाला बसकण मारली. तुम्ही हसला नाहीत. "ऊठ. परत चाल." मग पावलं आपोआप आखूड झाली. कुठे पाय रोवला नाही, कुठे थांबले नाही, तोल जाईल तिकडेच जरा वळत वळत पलीकडे पोचले. "आत्ता जोरात पाय आपटलास का कुठे?" तुम्ही विचारलंत. "मग गाडीला का आपटायला लावतेस? ती पण चालूनच राहिली आहे ना, बेटा." घाटावरचे नावाडी बोलावून चाक आत घेतलं, आणि परत येताना पुन्हा मलाच चालवायला बसवलंत.

मला नवल वाटतं, त्या काळात तुम्हाला हे सुचलं कसं. फ्रीगंजात टावर चौकातून मी पहिल्यांदा गाडी नेली तेव्हा पोहे खाणाऱ्यांचे हात तोंडाशी थांबले होते. एक म्हातारा तर दुकानाच्या पायरीवर चढून उभा राहिला, जणू बैलच सुटलाय. आई घरी वाट बघत होती. "पोरीला सारथी करून कुणाच्या घरी देणार आहात?" तुम्ही पाय धुता धुता म्हणालात, "कुणी गाडी देवो न देवो, येत असलेलं बरं." माझे डोळे स्टिअरिंगच्या वर नीट येत नव्हते, म्हणून पुढच्या खेपेला तुम्ही एक उशी आणलीत, स्वतःच्या जुन्या खाकी कोटाची शिवून घेतलेली, आत सावरीचा कापूस. शिंप्याने एका कोपऱ्यात कोटाचं पितळी बटण तसंच ठेवलं होतं. मी म्हटलं, हे टोचेल. तुम्ही म्हणालात, टोचलं की सरळ बसशील. नाना, आयुष्यात मला पुष्कळ काय काय मिळालं, पण त्या उशीसारखं काही मिळालं नाही. ती आत्ता चुलीपाशी शेकत ठेवली आहे. आज माझ्याखाली नको, ह्यांच्या मानेखाली लागेल. मी तशीच सरळ बसेन.

आणि मग तुमचं ते पाणी. लांबच्या प्रवासाला निघायचं असलं की तुम्ही सकाळी राम घाटावर जाऊन तांब्याभर शिप्रा आणायचात, रेडिएटरचं झाकण उघडून ओतायचात आणि झाकणावर कुंकवाचं बोट लावायचात. मोटारखान्यातले बाकीचे ड्रायव्हर चेष्टा करायचे. "लो, पंडितजी ने गाडी को चरणामृत पिला दिया." तुम्ही त्यांच्याकडे लक्ष द्यायचा नाहीत. मला एकदा सांगितलंत, घरातून निघताना माणूस पाणी पिऊन निघतो, मग तिने का कोरडं निघायचं. तुम्ही फार देवभोळे होतात असं नाही. महाकाळाला सोमवारीसुद्धा जायचा नाहीत, गर्दी आवडत नाही म्हणून. पण गाडीत शिप्रेचं पाणी घातल्याशिवाय तुम्ही गावाची शीव ओलांडली नाहीत. आणि तुमची गाडी कुठे अडकलीही नाही, एक दिवस सोडला तर.

तो दिवस मला लिहायचा नव्हता. पण पाण्याचं सांगायचं तर तो टाळता येत नाही. वैशाखातलं ऊन होतं. संस्थान गेलं होतं आणि मोटारखान्यातल्या गाड्या इंदूरला नेऊन जमा करायच्या होत्या. बॉनेटवरची झेंड्याची छोटी पितळी काठी तुम्ही स्वतः पान्याने सोडवलीत, फडक्याने पुसलीत आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून आलात. मी गावातल्या देवास गेटपर्यंत तुमच्या शेजारी बसून आले. उतरताना म्हटलं, "उन्हाचं जपून." तुम्ही म्हणालात, "संध्याकाळच्या बसने येतोच आहे." देवासच्या पुढे गाडी उकळली. जवळ विहीर नाही, झाड नाही. बंपरला टांगलेली जाड कापडाची छागळ होती, त्यात तुमचं पिण्याचं पाणी. ते सगळं तुम्ही रेडिएटरला पाजलंत. गाडी थंड झाली, चालू झाली, थोडी पुढे गेली, आणि तुमच्या छातीत कळ आली. बरोबरचा चपराशी आईला सांगायला आला तेव्हा ओसरीवर उभं राहूनच बोलला, आत येईना. "भाभीजी, पानी माँगा उन्होंने. मैं खेत में दौड़ा, कुआँ दूर था. आया तो..." मग, आईला धीर यावा म्हणून असेल, तो म्हणाला, "गाडी एकदम किनारे लगी थी. गिअर में थी. हँडब्रेक खिंचा हुआ था."

आई आजही तेच म्हणते. शिप्रेकाठचा माणूस, आयुष्यभर गाडीला तीर्थ पाजलं आणि स्वतः कोरडा गेला. मरणाऱ्याच्या तोंडात पळीभर पाणी पडायला हवं, एवढं तर भिकाऱ्यालाही मिळतं. माझा राग वेगळा होता. मला त्या पाण्याचा राग आला नाही, हँडब्रेकचा आला. छातीत कळ आली तर माणूस आधी हाक मारतो, दार उघडतो, खाली पडतो. तुम्ही आधी गाडी कडेला घेतलीत, गिअरमध्ये टाकलीत आणि ब्रेक ओढलात. जमा करायच्या गाडीला ओरखडा नको, एवढाच विचार तुमच्या मनात असेल. आमचा एखादा विचार आला असेल का, हे मला कधी कळणार नाही, आणि इतक्या वर्षांत तो राग गेलेला नाही. आज सकाळपासून मात्र मला सारखं वाटतंय की असा हँडब्रेक ओढायला माझा हात तेवढाच धीट असायला हवा.

इकडे यायला निघालो तेव्हा आईने तांब्याचा एक गडू दिला. राम घाटावरून भरून आणलेला आणि कासाराकडून झाकण झाळून घेतलेला, थेंबही बाहेर यायला जागा नाही. गडू माझ्या हातात दिला पण सोडला नाही. "हे मोटारीत ओतायचं नाही," म्हणाली. "बापाचं वेड तुझ्यात आहे, मला माहीत आहे. हे घरातल्या माणसांसाठी आहे, वेळ आली तर तोंडात घालायला. परक्या मुलखात चालली आहेस, तिथे शिप्रा कुठून आणशील?" मी हो म्हटलं. दसऱ्याला इथे मोटारीची पूजा केली. झेंडू नव्हते, इथली कसली तरी पिवळी रानफुलं वाहिली. गाडीसमोर उभी राहिले आणि मला तुमची इतकी आठवण आली की मी आत जाऊन गडू आणला, सुरीने झाकण फोडलं आणि रेडिएटरमध्ये रिकामा केला. हे बाजूला उभे होते. म्हणाले, "आता ही गाडी मोक्षाला जाणार." तेव्हा आम्ही दोघंही खूप हसलो होतो.

पुढे थंडी पडली आणि बाजारातल्या ट्रकवाल्यांनी सांगितलं, बहनजी, रोज शाम को पानी निकाल दिया करो, जम गया तो इंजन फट जाएगा. आता आली पंचाईत. माळव्यात आपल्याला भीती ती पाणी आटण्याची. रात्री रेडिएटर गळ्यापर्यंत भरून ठेवायचा हेच तुम्ही मला शिकवलेलं. आणि इथे तोटी सोडून सगळं पाणी जमिनीवर ओतून द्यायचं? तेही शिप्रेचं? जिथून कुत्री-खेचरं जातात तिथे? पहिल्या दिवशी मी मुद्दाम कानाडोळा केला. नशीब, त्या दिवशी कडक दंव पडलं नाही. दुसऱ्या दिवशी घमेलं घेऊन गाडीखाली शिरले, तोटी सोडली आणि पाणी घरात आणलं. तेव्हापासून रोज तेच चाललं आहे. संध्याकाळी पाणी काढायचं, फडक्यातून गाळायचं, पातेल्यात भरून चुलीजवळ ठेवायचं, आणि गाडी काढायची असली की कोमट करून परत ओतायचं. उकळतं ओतायचं नाही, नाहीतर थंडगार लोखंड तडकतं. सासूबाईंना ते पातेलं मुळीच पसंत नव्हतं. "मोटारीचं पाणी माझ्या चुलीपाशी? ग्रीसबिस लागलेलं? उद्या गाडीचे नटबोल्ट पण साखरेच्या डब्यात ठेवशील." मी म्हटलं, शिप्रा आहे त्यात. त्यांनी नाक मुरडलं, पण दुसऱ्या दिवसापासून पातेल्यावर स्वतःच झाकण ठेवायला लागल्या. बाजारातल्या ट्रकवाल्यांचे रेडिएटर सकाळी मोकळे आणि थंड असतात. आमची गाडी त्यातल्या त्यात लवकर सुरू होते, आणि त्याचं श्रेय सासूबाई नदीला देतात.

आज सकाळचं सांगते. काल ह्यांचा ताप उतरेना तेव्हा सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि त्यांच्या माहेरचा टाक. उज्जैनला असताना मी हे आजूबाजूच्या घरांत पाहिलं होतं. मुलाची परीक्षा, सुनेचं बाळंतपण, काहीही असो, देव पाण्यात आणि म्हातारी उपाशी. सकाळी मी देवघरात गेले तर त्या ताम्हनापुढे बसून होत्या. रात्रीत पाणी गोठलं होतं. बाळकृष्ण कमरेपर्यंत बर्फात, लोण्याचा हात तेवढा वर. सासूबाई बोटाने बर्फ खरवडत होत्या आणि त्यांची नखं निळी पडली होती. "देव पण अडकून राहिले गं," एवढंच म्हणाल्या. एरवी मी काहीतरी चावट बोलले असते. मी ताम्हन उचलून चुलीच्या कडेला ठेवलं आणि आम्ही दोघी देव सुटायची वाट बघत बसलो.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "सूनबाई, आईने दिलेला तो गडू कुठे ठेवलाय?" मी ओळखलं. तरी विचारलं, "कशाला हवाय?" "हवाय. तू काढ तर." मी म्हटलं, "त्यात काही नाही. दसऱ्याला मी सगळं गाडीत ओतलं." त्या उठल्या. "सगळं?" "सगळं." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. "अगं, माझा मुलगा आत असा पडून राहिलाय. रस्त्यात काही झालं तर? एक पळी पण नाही ठेवली? तुझे वडील गेले तसाच हा पण जाणार का, कोरडा?" नाना, मी माझ्या सासूवर कधी आवाज चढवला नव्हता. आज चढवला. "कुणी जाणार नाही," मी म्हटलं. "जाणार म्हणून पाणी शोधायचं आणि जाऊ नये म्हणून गाडी काढायची, हे दोन्ही एकदम मला नाही जमत." त्यांनी पातेल्याकडे बोट दाखवलं. "मग यातलंच दे." "यात गंज आहे, तेल आहे." "असू दे. शिप्रा तर आहे ना." "हे गाडीला लागणार आहे. थेंबन् थेंब." त्या म्हणाल्या, "फार जिद्दी आहेस तू," आणि आत गेल्या. मला वाटलं, आता बोलायच्या नाहीत. पण थोड्याच वेळात शाल गुंडाळून आल्या, माझ्याशेजारी बसल्या, फुंकणी उचलली आणि चुलीत फुंकायला लागल्या. अजून फुंकताहेत. धुराने डोळे गळताहेत की कशाने, ते मी विचारलेलं नाही.

सकाळी उजाडताच मी रस्ता पाहून आले. बुटांवरून ह्यांचे जाड लोकरी मोजे चढवले, तशाने घसरत नाही. पहिलं वळण ठीक आहे, दुसरं-तिसरंही. त्यानंतरचं देवदारांच्या सावलीतलं, तिथे हिवाळाभर ऊन येत नाही. तिथे बर्फाखाली बर्फ आहे, जुना, काचेसारखा, आणि दरीच्या बाजूला कठडा नाही. मी तिथे इकडून तिकडे चालून पाहिलं, तुम्ही चालवलं होतंत तसं. आखूड पावलं, न रोवता. दोनदा हात टेकावे लागले. चुलीतली राख दोन पोती भरून मागे टाकली आहे, वजनाला आणि वेळ पडली तर चाकाखाली फेकायला. मागच्या चाकांच्या भोकांतून काथ्याचा दोर ओवून टायरांना गुंडाळला आहे, काळ्या मातीत तुम्ही गुंडाळायचात तसाच. काचेला आतून बटाट्याची फोड चोळली आहे, म्हणजे वाफ कमी धरेल. उतारावर पहिला गिअर, ब्रेकला पाय लावायचा नाही, शेपूट सरकली तर सरकेल तिकडे चाक वळवायचं. हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, नाहीतर उलटा झटका मनगट मोडतो. कंपाउंडर फावडं घेऊन पुढे चालणार आहे. काल त्याने विचारलं, "बीबीजी, पहले कभी बर्फ में चलाई है?" मी म्हटलं, "पिताजी ने सिखाया है." तो हायसं वाटून हसला. तुम्ही बर्फ पाहिलाच नव्हतात, नाना. तुम्ही इंदूरच्या पुढे फार तर मांडू पाहिलं असेल. मी एका माणसाचा जीव तुमच्या रपटीवर टांगून निघाले आहे, आणि ती रपट कुठे, हा कडा कुठे. तिथे चाक बाहेर गेलं तर खाली गुडघाभर पाणी होतं आणि हाकेला नावाडी होते. तुम्ही शेजारी बसलेले होतात. आज शेजारची सीट रिकामी आहे. सासूबाई मागे बसतील, ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन. एवढं सगळं शिकवलंत, मग एकट्याने कसं उतरायचं ते का नाही शिकवलंत? मला उत्तर नकोय. मला तुम्ही हवे आहात, त्या सीटवर, गप्प.

सासूबाईंनी पातेल्यात बोट बुडवून पाहिलं. "बाळाच्या अंघोळीचं झालं," म्हणाल्या. पहिल्या वळणावर ऊन आलंय. ताम्हनातले देवही सुटलेत, त्यांनी पदराने पुसून कनवटीला लावले. आत कंपाउंडर ह्यांना घोंगडीत गुंडाळतो आहे, त्याचा आवाज येतोय, "बस साहब, बस, अभी चलते हैं." हे कागद मी कुठे पाठवणार नाही, ठेवणारही नाही. बटाटा चोळला तरी काच वाफेने भरणारच, पुसायला कागद लागतो, तेव्हा हेच घेऊन जाते.

एक राहिलं. सगळं पाणी गाडीत ओतलं असं मी सासूबाईंना सांगितलं, आणि वर तुम्हालाही तसंच लिहिलं. ते खरं नाही. दसऱ्याला ओतता ओतता शेवटी आईचा शब्द आठवला आणि हात थांबला. गडूच्या तळाशी पळीभर राहू दिलं होतं. काल संध्याकाळी कंपाउंडर गेल्यावर मी पेनिसिलिनची शेवटची रिकामी कुपी धुतली, ते पाणी तिच्यात भरलं आणि बूच घट्ट बसवलं. कुपी पोलक्याच्या आत आहे, अंगाला लागून. गोठू नये म्हणून.